विश्लेषण : दिवसातून सात वेळा प्रार्थना, चार आठवड्यांचे चक्र... कॅथलिकांची ‘प्रहरांची प्रार्थना’ काय असते? ती शिकायची कशी?

भिवंडीच्या गोदाम पट्ट्यात दिवस पाळ्यांमध्ये मोजला जातो. दिवा-वसई मार्गावर गाड्या मोजक्याच. त्यामुळे खारबाव स्थानकावरून ये-जा करणाऱ्यांचे घड्याळ एकीकडे पाळीला आणि दुसरीकडे गाडीच्या वेळेला बांधलेले असते. याच मार्गाच्या टोकाला वसई आहे. तेथील मराठी बोलणाऱ्या कॅथलिक समाजाची परंपरा शतकांची आहे. या समाजातील धर्मगुरू आणि धर्मभगिनी दिवसाची वाटणी आणखी एका घड्याळावर करतात, ते म्हणजे प्रार्थनेचे घड्याळ. ही प्रार्थना आता मोबाइलवर आल्याने नोकरदार आणि विद्यार्थीही तिच्याकडे वळू शकतात. मात्र पहिल्यांदा पुस्तक उघडणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो. आज कोणता आठवडा? कोणते स्तोत्र? एखादी वेळ चुकली तर काय? या प्रश्नांची ही उत्तरे.

प्रहरांची प्रार्थना म्हणजे काय?

मिस्सा आणि जपमाळ या कॅथलिकांच्या दोन उपासना बहुतेकांना ठाऊक असतात. प्रहरांची प्रार्थना ही तिसरी. दिवसाच्या ठरलेल्या वेळी बायबलमधील स्तोत्रे म्हणायची, छोटे वाचन करायचे आणि जगासाठी मागणे मागायचे, असे तिचे स्वरूप आहे. तिचा कणा म्हणजे स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रे. ती मुळात यहुदी लोकांची प्रार्थनागीते. स्तुती, तक्रार, भीती, पश्चात्ताप, कृतज्ञता असे सगळे त्यांत आहे.

जपमाळ ही वैयक्तिक भक्ती मानली जाते, तर ही प्रार्थना संपूर्ण ख्रिस्तसभेची अधिकृत उपासना आहे. खोलीत एकट्याने म्हटली तरी ती सर्वांच्या वतीने म्हटली जाते, अशी श्रद्धा आहे. म्हणून तिचा मजकूर आपल्या मनाप्रमाणे निवडायचा नसतो. त्या दिवसाला जो नेमलेला आहे तोच म्हणायचा.

दिवसाची वाटणी कशी असते?

मराठी वाचकाला हे गणित अनोळखी वाटू नये. आपल्याकडे दिवस-रात्रीचे आठ प्रहर, म्हणजे एक प्रहर तीन तासांचा. रोमन जगातही दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजले जात. तिसरा तास म्हणजे सकाळी नऊ, सहावा म्हणजे दुपारी बारा आणि नववा म्हणजे दुपारी तीन. या तिन्ही वेळांना प्रार्थना ठरली. दोन वेळांमधले अंतर बरोबर एक प्रहर. ‘दुपार’ हा शब्दच दोन प्रहर उलटल्याचे सांगतो. इंग्रजीतील ‘नून’ हा शब्द मात्र नवव्या तासाच्या लॅटिन नावावरून आला आणि पुढे सरकत बारा वाजण्यावर स्थिरावला.

आजच्या रचनेत एकूण सात प्रार्थना आहेत. सकाळची, संध्याकाळची, रात्री झोपण्यापूर्वीची, दिवसाच्या मधल्या तीन छोट्या आणि कोणत्याही वेळी करता येणारी दीर्घ वाचनांची एक. यातील सकाळ आणि संध्याकाळ या दोन मुख्य. मधल्या तिन्हींपैकी एक म्हटली तरी सहसा पुरते.

मंदिरातील काकडआरती ते शेजारती हा क्रम, त्रिकाळ संध्या किंवा भिवंडीत दिवसातून पाच वेळा ऐकू येणारी अजान यांमागेही हाच विचार दिसतो. दिवस कामाच्या हाती पूर्णपणे जाऊ द्यायचा नाही. कल्याण धर्मप्रांतातील, मूळच्या केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांची प्रहरांची प्रार्थना वेगळ्या परंपरेची आहे. मल्याळममध्ये तिला ‘यामप्रार्थना’ म्हणतात. याम म्हणजे प्रहरच.

ही पद्धत आली कुठून?

ठरावीक वेळी प्रार्थना करण्याची सवय पहिल्या ख्रिस्ती लोकांनी यहुदी परंपरेतून घेतली. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी नियमावली लिहिली. तिच्यात दिवसाच्या सात आणि रात्रीची एक अशी वेळांची आखणी होती आणि आठवडाभरात सर्व १५० स्तोत्रे पूर्ण करायची होती. मठाबाहेरच्या धर्मगुरूंना प्रवासात सोयीचे व्हावे म्हणून पुढे हे सारे एका पुस्तकात आले. तेच ‘ब्रेव्हियरी’. पोप पायस पाचवे यांनी १५६८ मध्ये तिची एकसारखी आवृत्ती काढली. १९११ मध्ये पोप पायस दहावे यांनी स्तोत्रांची नव्याने वाटणी केली.

मोठा बदल दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने केला. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने सकाळ आणि संध्याकाळच्या प्रार्थनांना दिवसाच्या दोन बिजागऱ्या ठरवले, पहाटेची एक वेळ रद्द केली आणि सामान्य भाविकांनाही या प्रार्थनेचे निमंत्रण दिले. त्यानुसार पोप पॉल सहावे यांनी १९७० मध्ये नव्या रचनेला मान्यता दिली. आता सर्व स्तोत्रांचे चक्र एका आठवड्याऐवजी चार आठवड्यांचे झाले. शत्रूला शाप देणारी ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रे मात्र या चक्रातून वगळण्यात आली.

वसईशी आणि मराठीशी संबंध काय?

वसई किल्ल्यात आज फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, ऑगस्टिनियन आणि जेझुइट संघांच्या चर्चचे अवशेष दिसतात. यांपैकी पहिल्या तिन्ही संघांत एकत्र बसून, दोन बाजूंनी आळीपाळीने स्तोत्रे म्हणण्याची रीत होती. कीर्तनात टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, तसेच हे. १५४० मध्ये मान्यता मिळालेल्या जेझुइट संघाने मात्र एकत्र म्हणण्याचे बंधन ठेवले नाही. कामासाठी कुठेही, कधीही जाता यावे हा त्यामागचा हेतू. प्रार्थना आणि काम यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न तेव्हाही होता.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. त्या मोहिमेत महत्त्वाची भूमिका बजावणारे गंगाजी नाईक हे याच भिवंडी तालुक्यातील अंजूरचे. मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधील घंटा महाराष्ट्रभर गेल्या. मेणवली, भीमाशंकर आणि नाशिकचे नारोशंकर मंदिर येथील घंटा प्रसिद्ध आहेत. चर्चमध्ये प्रार्थनेची वेळ सांगणाऱ्या घंटा देवळांत आरतीची वेळ सांगू लागल्या.

भाषेचा प्रवास याहून लांबचा. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. तरीही अधिकृत उपासना पुढची साडेतीनशे वर्षे लॅटिनमध्येच राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती लोकभाषांत आली आणि वसईच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा सुरू झाली. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये स्थापन झाला. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले. ज्याला आईच्या भाषेत स्तोत्रे म्हणायची आहेत, त्याच्यासाठी मराठी बायबलमधील स्तोत्रसंहिता हा सर्वांत जवळचा मार्ग.

ही प्रार्थना प्रत्येकाला बंधनकारक आहे का?

नाही. १९८३ च्या चर्च कायद्यातील कलम २७६ नुसार बिशप, धर्मगुरू आणि धर्मगुरू होण्याच्या वाटेवरील डीकन यांना ती रोज म्हणणे बंधनकारक आहे. धर्मभगिनी आणि इतर व्रतस्थांना त्यांच्या संघाचे नियम लागू होतात. सामान्य भाविकांना आहे ते निमंत्रण. फक्त सकाळची किंवा फक्त रात्रीची प्रार्थना म्हटली तरी चालते. एखाद्या दिवशी राहून गेली तर नियम मोडला असे होत नाही आणि राहिलेली ‘भरून काढण्याची’ही गरज नसते.

आज चक्रातील कोणता आठवडा, हे कसे ओळखायचे?

नवशिक्यांची गाडी बहुधा इथेच अडते, पण सूत्र सोपे आहे. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या चार आठवड्यांच्या पहिल्या रविवारी चक्र पहिल्या आठवड्यापासून सुरू होते. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारीही तसेच. ईस्टरचा आठवडा पहिला धरला जातो आणि पुढचा रविवार दुसऱ्या आठवड्याचा.

वर्षाच्या उरलेल्या मोठ्या भागाला सामान्यकाळ म्हणतात. त्यातील आठवड्याच्या क्रमांकाला चारने भागायचे. बाकी १ उरली तर पहिला आठवडा, २ उरली तर दुसरा, ३ उरली तर तिसरा आणि शून्य उरली तर चौथा. उदाहरणार्थ, सामान्यकाळाचा १८ वा आठवडा असेल तर बाकी २, म्हणजे दुसरा आठवडा उघडायचा. क्रमांक चर्चच्या दिनदर्शिकेत मिळतो.

आणखी एक लक्षात ठेवायचे. रविवार आणि मोठे सण आदल्या संध्याकाळीच सुरू होतात. त्यामुळे शनिवारी संध्याकाळची प्रार्थना पुस्तकात रविवारच्या पानांवर सापडते.

सकाळच्या प्रार्थनेत नेमके काय म्हणतात?

क्रम ठरलेला असतो. आधी एक गीत. मग एक स्तोत्र, जुन्या करारातील एक गीत आणि आणखी एक स्तोत्र. प्रत्येकाच्या आधी आणि नंतर एक छोटी ओळ येते, अभंगाच्या ध्रुपदासारखी. त्यानंतर छोटे वाचन आणि लूकच्या शुभवर्तमानातील जखऱ्याचे गीत. शेवटी दिवसभरासाठीची मागणी, ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ आणि समारोपाची प्रार्थना.

संध्याकाळी साधारण हाच साचा. तेव्हा दोन स्तोत्रांनंतर नव्या करारातील गीत येते आणि जखऱ्याच्या जागी मरियेचे गीत. रात्री म्हणतात ते शिमोनाचे, देवळात बाळ येशूला हातात घेणाऱ्या वृद्धाचे गीत. ही तिन्ही गीते लूकच्या पहिल्या दोन अध्यायांतली आहेत. रोज म्हणून ती महिनाभरात पाठ होऊ शकतात.

पुस्तकातील आणि मराठी बायबलमधील स्तोत्रांचे क्रमांक का जुळत नाहीत?

जुन्या ग्रीक भाषांतराने नववे आणि दहावे स्तोत्र एकच मानले, हे त्याचे कारण. त्यामुळे पुढच्या बहुतेक स्तोत्रांचा क्रमांक एकाने मागे पडला. लॅटिन परंपरेने तोच क्रम घेतला, तर मराठी बायबल हिब्रू क्रम पाळते. १९७४ च्या तीन खंडांच्या इंग्रजी आवृत्तीत लॅटिन क्रमांक आहेत. तिच्यात २२ दिसले तर मराठी बायबलमध्ये मेंढपाळाचे प्रसिद्ध २३ वे स्तोत्र काढायचे. ५० दिसले तर पश्चात्तापाचे ५१ वे, जे चारही आठवड्यांत शुक्रवारी सकाळी येते.

अमेरिकेतील चार खंडांच्या आवृत्तीचा मजकूर याहून निराळा आहे. ‘आयब्रेव्हियरी’सारख्या अ‍ॅपमुळे तारीख आणि आठवडा शोधण्याचे काम वाचते, पण अ‍ॅपचा मजकूर हातातील पुस्तकाशी जुळेलच असे नाही. त्यामुळे आपल्या चर्चमध्ये कोणती आवृत्ती आणि मराठीत कोणता मजकूर वापरतात, हे धर्मगुरूंना आधी विचारलेले बरे.

सुरुवात कुठून करावी?

सातही वेळा पहिल्याच दिवशी सुरू करणे हा अर्ध्यावर सोडण्याचा खात्रीचा मार्ग. सर्वांत सोपी आहे ती रात्रीची प्रार्थना. ती पाच-सात मिनिटांत होते आणि तिला चार आठवड्यांचे चक्र नाही. तीच स्तोत्रे दर आठवड्याला येतात. रविवारी ९१, सोमवारी ८६, मंगळवारी १४३, बुधवारी ३१ आणि १३०, गुरुवारी १६, शुक्रवारी ८८, शनिवारी ४ आणि १३४ (हे क्रमांक मराठी बायबलप्रमाणे). काहींचे ठरावीक भागच घेतले जातात. सुरुवातीला दिवसभराचा आढावा घेऊन चुकांची क्षमा मागायची असते.

ती अंगवळणी पडली की सकाळची जोडायची, मग संध्याकाळची. पुस्तकात खुणेच्या फिती असतात. एक चालू आठवड्याला, एक त्या काळाच्या खास भागाला, एक रात्रीच्या प्रार्थनेला लावली की पाने चाळण्यात वेळ जात नाही.

रात्रपाळी करणाऱ्यांनी काय करावे?

ही प्रार्थना शक्यतो त्या-त्या वेळी म्हणावी, उरकायची म्हणून एकत्र नव्हे, असा मूळ विचार आहे. पण वेळेचा अर्थ घड्याळाच्या काट्यापुरता नाही. रात्रीची प्रार्थना झोपण्यापूर्वीची आहे, मध्यरात्र उलटून गेली असली तरी. रात्री जागे असलेल्याला वाचनांची प्रार्थना केव्हाही करता येते. पहाटे पाळी संपवून खारबावहून गाडी पकडणाऱ्याला डब्यात सकाळची प्रार्थना म्हणता येईल. ती खिडकीबाहेर उजाडण्याशी जुळणारीच आहे.

मनात नसलेले शब्द का म्हणायचे?

हा सर्वांत खरा प्रश्न. घरात आनंद असताना शुक्रवारी रात्री ८८ वे स्तोत्र समोर येते आणि ते जवळजवळ अंधारातच संपते. पगार अडकलेला असतो, घरात आजारपण असते, आणि नेमलेले असते स्तुतीचे गीत. याला परंपरेचे उत्तर असे की ही प्रार्थना एकट्याची नाही. आज जे रडगाणे आपले नाही, ते कुठल्यातरी रुग्णालयात, तुरुंगात किंवा युद्धाच्या छायेत असलेल्या कुणाचे तरी आहे. म्हणणारा ते त्याच्या वतीने म्हणतो. उद्या आपल्याच तोंडून शब्द फुटणार नाहीत, तेव्हा दुसरे कुणी ते आपल्यासाठी म्हणत असेल.