खर्ड्याची लढाई आणि दरबारातली नजर

बीड जिल्ह्यातल्या नेकनूरहून नैर्ऋत्येला खर्डा काही फार लांब नाही. 11 मार्च 1795 रोजी तिथे मराठ्यांनी निजाम अलीला हरवलं, हे शाळेत सगळेच शिकतात. पण हैदराबादच्या दरबारात बसून निजामाच्या हालचाली कोण टिपत होतं, हे फारसं कोणी सांगत नाही.

त्यांचं नाव गोविंदराव काळे.

पदानं ते पेशव्यांचे वकील, म्हणजे आजच्या भाषेत राजदूत. चौथाईच्या थकबाकीची बोलणी हे त्यांचं उघड काम. सोबतच दरबारात कोणाचं वजन वाढतंय, दिवाण मुशीरुल्मुल्काच्या मनात काय चाललंय, याची खबर नाना फडणवीसांना पुण्याला कळवत राहायचं. पत्रं घेऊन जासूद बहुधा जोडीनं निघत. एकाला वाटेत काही झालं तरी दुसऱ्यानं पुढे जावं. भर दरबारात दिवाणाची उर्मट बोलणी ऐकूनही काळ्यांनी आपली जागा सोडली नाही. खर्ड्याच्या विजयात या लेखणीचा वाटा तलवारीइतकाच मोठा आहे.

मराठवाड्याला हेरगिरी त्याआधीही नवी नव्हती. 1679 मध्ये जालन्याच्या स्वारीवरून परतणाऱ्या शिवाजी महाराजांना मोगलांनी गाठलं, तेव्हा महाराजांचे हेर बहिर्जी नाईक यांनीच त्यांना आडवाटेनं पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचवलं.

खर्ड्यानंतर झालेल्या तहात मुशीरुल्मुल्काला मराठ्यांच्या स्वाधीन व्हावं लागलं. हरल्यावर निजामानं आसरा घेतलेला खर्ड्याचा किल्ला आजही उभा आहे. तिकडे जाणार असाल, तर काळ्यांची छापील पत्रं आधी नक्की वाचा.