मापच होऊन बसलेलं यंत्र

व्हॅक्स-११/७८० सुरू करायची रीत बघण्यासारखी होती. कपाटाएवढ्या त्या यंत्राच्या पोटात एलएसआय-११ नावाचा एक छोटा संगणक असे. तो आधी जागा व्हायचा, आठ इंची फ्लॉपी वाचायचा, तिच्यातला मायक्रोकोड थोरल्याच्या स्मृतीत भरायचा आणि मग थोरला प्रोसेसर चालू करायचा. अमेरिकेतल्या मेनार्ड गावी, लोकरीच्या जुन्या गिरणीत थाटलेल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७७च्या ऑक्टोबरात हे यंत्र आणलं. खोलीबाहेर रांगेने टर्मिनलं, आणि सगळ्यांचं काम एकाच प्रोसेसरवर.

१९८९च्या एप्रिलमध्ये सन मायक्रोसिस्टिम्सचं स्पार्कस्टेशन १ आलं. सोळा इंच लांब-रुंद, तीन इंच जाड. मॉनिटरखाली सहज सरकावं असं. पुण्यात जन्मलेले विनोद खोसला सनच्या चार संस्थापकांपैकी एक. दुसरे बिल जॉय. बर्कलीत त्यांच्या हातून युनिक्स ही कार्यप्रणाली घडत गेली ती मुख्यतः व्हॅक्सवर. म्हणजे त्याच युनिक्सवर चालणाऱ्या धाकट्या स्पार्कस्टेशनच्या अंगातला शहाणपणा बराचसा थोरल्या व्हॅक्सकडचाच.

मग तुलना सुरू झाली. ७८० एक मिप्स, म्हणजे सेकंदाला दहा लाख सूचना; स्पार्कस्टेशन साडेबारा. हिशेब सरळ दिसतो, पण या मापाला पासंग आहे. ७८० स्वतःच्या सूचना सेकंदाला जेमतेम पाच लाखच चालवायचा. आयबीएम ३७०/१५८ एक मिप्सचं मानलं जाई, आणि ७८० त्याच्याइतकं काम उरकायचा, म्हणून तोही एक मिप्सचा ठरला. त्याच्या सूचनाही भारी वजनाच्या: अख्ख्या बहुपदीची किंमत एका सूचनेत काढणारी ‘पॉली’ त्यातलीच. स्पार्कच्या सूचना सुटसुटीत. नुसत्या सूचना मोजून काय कळणार? काम मोजायला हवं, आणि त्यासाठीही पुढे सगळ्यांनी ७८०लाच एकक धरलं.

पण या आकड्यात डिस्क, टेप, एकाच वेळी टंकणारी माणसं येत नाहीत. शिवाय स्पार्कस्टेशनवाल्यांच्या फायली बहुधा जाळ्यातल्या सर्व्हरवरच असत. सामायिक यंत्राची गरज काही संपली नव्हती.

तरी माझं माप स्पार्कस्टेशनच्याच पारड्यात जातं, आणि ते साडेबारा या आकड्यामुळे नव्हे. दुपारी सगळे कामाला बसले की ७८०च्या टर्मिनलवर टंकलेलं अक्षर उमटायलाही वेळ लागे. स्पार्कस्टेशनचा प्रोसेसर समोरच्या एकट्यासाठी असे. ११५२ बाय ९०० ठिपक्यांच्या पडद्यावर एका खिडकीत प्रोग्राम, शेजारच्या खिडकीत त्याचं चित्र, आणि कुणाच्या पाळीची वाट बघणं नाही.