वहीतलं नाव

जेद्दाहच्या कॉर्निशवर शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तिघं-चौघं मराठी जमतो. समोरून मालवाहू जहाजं जात असतात. आमच्यातला एक हर्णैचा. त्याचे पणजोबा दुसऱ्या महायुद्धात मुंबईहून बोटीवर गेले, ते परतलेच नाहीत. "कबर असती तर जाऊन फातिहा तरी पढलो असतो," तो एकदा म्हणाला.

तेव्हापासून मी रात्री शोधत बसतो. सॉफ्टवेअरवाल्याची खोड, दुसरं काय! 'सिटी ऑफ कैरो' ही बोट २ ऑक्टोबर १९४२ला मुंबईहून निघाली. पोटात चांदीच्या नाण्यांच्या २,००० पेट्या. ६ नोव्हेंबरच्या रात्री दक्षिण अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने तिला बुडवलं. १०४ जण गेले, बहुतेक जहाजावर राबणारेच. होड्यांमधून वाचलेल्या बऱ्याच जणांना 'क्लॅन अल्पाइन' जहाजाने सेंट हेलेना बेटावर उतरवलं. काहींनी तिथल्या इस्पितळात प्राण सोडला. त्यांना निदान बेटाची माती मिळाली. चांदी मात्र पाच किलोमीटर खोलीवरून शोधून वर काढली, २०१५मध्ये ते जाहीर झालं.

ज्यांना कबर नाही, त्यांच्यासाठी मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे ६,५०० खलाशांची नावं तिथल्या वहीत आहेत. मी डोंबिवलीचा, मशीद स्टेशनावरून हजारदा गेलो असेन. कधी उतरलो नाही.

मित्राला बोटीचं नाव माहीत नाही. पणजोबांचं नावही साहेबाने कसं लिहिलं असेल, देव जाणे. डिसेंबरच्या सुट्टीत दोघं जाऊन वही बघायला मागणार आहोत. त्याच्या आत्याने पणजोबांचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, कागदावर लिहून पाठवलंय.