बॅकअप घेतला, पण तो परत मिळतो का?

घरातील संगणक बिघडला तर नवा घेता येतो. परंतु त्यात साठवलेली लग्नकार्याची छायाचित्रे, मुलांच्या गुणपत्रिका आणि आजोबांनी टंकलिखित केलेल्या आठवणी कोणत्याही बाजारात मिळत नाहीत. म्हणून अनेक कुटुंबे बॅकअप घेतात. मात्र बॅकअप घेणे हे अर्धेच काम होय. तो परत मिळवून पाहिला, तरच काम पूर्ण होते.

समजा, जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात असलेल्या कुंभार पिंपळगाव येथील एका घरी वीज अचानक गेली व आली आणि संगणक सुरूच होईना. हार्ड डिस्क बदलावी लागली. सुदैवाने कपाटात बॅकअपची वेगळी डिस्क आहे. आता काय करावे?

प्रथम, बॅकअप कोणत्या प्रोग्रॅमने घेतला होता ते ओळखावे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फाईल हिस्टरी’ ही सोय उपलब्ध आहे. ती प्रत्येक फाईलची प्रत वेगळी ठेवते व तिच्या नावापुढे तारीख आणि वेळ लिहिते. त्यामुळे ‘फाईल हिस्टरी’ नावाचा फोल्डर उघडून ती प्रत दुसऱ्या संगणकावरही वाचता येते. सर्वच प्रोग्रॅम इतके उदार नसतात. विंडोज एक्सपीमधील बॅकअप प्रोग्रॅम सर्व फायली एकाच मोठ्या फाईलमध्ये बांधून ठेवत असे. २००७ साली व्हिस्टा आली तेव्हा तो प्रोग्रॅम त्यात नव्हता. जुना बॅकअप उघडण्यासाठी मायक्रोसॉफ्टला वेगळे साधन द्यावे लागले. तेव्हा बॅकअपच्या डिस्कवर प्रोग्रॅमचे नाव चिठ्ठीवर लिहून चिकटवावे, असे आम्ही सुचवतो.

दुसरी गोष्ट, फायली थेट मूळ जागी परत आणू नयेत. नवा फोल्डर तयार करून त्यात आणाव्यात. मूळ जागी आणल्यास जुनी प्रत नव्या प्रतीवर बसण्याचा धोका असतो. संगणकात विषाणू शिरल्याची शंका असेल, तर संगणक स्वच्छ झाल्याखेरीज बॅकअपची डिस्क जोडूच नये. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणकांवरील फायली कुलूपबंद केल्या होत्या. असे विषाणू जोडलेल्या डिस्कवरील फायलींनाही सोडत नाहीत.

तिसरी गोष्ट मराठी कुटुंबांनी विशेष ध्यानात ठेवावी. परत आलेली प्रत्येक महत्त्वाची फाईल उघडून वाचावी. आजोबांच्या आठवणी ‘श्री-लिपी’सारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील, तर फाईल सुखरूप असूनही पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हेच दिसतील. कारण त्या फाईलमध्ये देवनागरी अक्षरे नसून रोमन अक्षरांचेच संकेत असतात. फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉन्ट मात्र विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहतो आणि ‘फाईल हिस्टरी’ आपण होऊन त्याची प्रत घेत नाही. म्हणजे लेख वाचला, पण अक्षर गेले! यास्तव जुन्या फॉन्टची फाईलही लेखांसोबतच ठेवावी आणि शक्य तितक्या लवकर ते लेखन युनिकोडमध्ये रूपांतरित करावे. युनिकोडमधील मराठी मजकूर आजच्या सर्वसाधारण संगणकांवर व मोबाईलवर वाचता येतो.

वाचकहो, यासाठी संगणक बिघडण्याची वाट पाहू नये. आजच बॅकअपमधील एक छायाचित्र व एक मराठी लेख वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणून उघडून पाहावा. काही चूक राहिली असेल तर ती आज सुधारता येईल. कारण मूळ फाईल अद्याप शाबूत आहे. काम झाल्यावर डिस्क संगणकापासून काढून पुन्हा कपाटात ठेवावी.