आडनाव न विचारणारी बैठक

आजोबांनी 1956 साली नागपूरला 22 प्रतिज्ञा घेतल्या. दारू न पिण्याची प्रतिज्ञा त्यांत होतीच. तरीही वडील पीत राहिले आणि आम्ही त्यांना शपथा घालत राहिलो. एकट्याने पाळायची शपथ गुत्त्याच्या वाटेवरच मोडते, हे मला प्राध्यापक झाल्यावर कळले.

1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरी दोन मद्यपींनी एकमेकांना सावरले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ उभी राहिली. तिची जवळची बैठक शोधण्यासाठी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात चौकशी करावी. वार, वेळ, भाषा विचारावी. बैठक ‘खुली’ असेल तर घरच्यांनाही बसता येते. फी नाही, दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडल्यास झटके येऊ शकतात. म्हणून आधी डॉक्टर गाठावा.

तिथे आडनाव सांगावे लागत नाही. आडनावावरून जात हुंगणाऱ्या समाजात ही गोष्ट लहान नव्हे. तरीही वडील पहिल्या दिवशी दाराशीच घुटमळले. मी सोबत होतो म्हणून आत गेले.

कार्यकर्त्यांनो, वस्तीत दारूबंदीवर भाषण जरूर करा. पण बैठकीचा पत्ता खिशात ठेवा आणि पहिल्या दिवशी माणसाबरोबर चालत जा.