प्लेटखाली आमचाच माणूस का?

जुन्नर तालुक्यातील लेण्याद्रीच्या डोंगरात सुमारे ३० बौद्ध लेणी आहेत. जुन्नर परिसरातील लेण्यांच्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. दानाच्या ठेवी या श्रेणींकडे ठेवल्या जात. म्हणजे हाताने काम करणारा माणूस संघटित होता आणि त्याच्या शब्दाला बाजारात पत होती.

आज याच जुन्नर-आंबेगावची मुले नाशिक रस्त्याने चाकण, भोसरीला जातात आणि फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून राबतात. क्रेनच्या हुकाला प्लेट क्लॅम्प, क्लॅम्पच्या जबड्यात पोलादी प्लेट आणि तिला हाताने सावरणारा आमचा पोरगा! त्याला ‘क्लॅम्प लाव’ एवढेच सांगितले जाते. क्लॅम्प धरतो कसा, हे कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही सांगतो.

क्लॅम्पच्या जबड्यात दातेरी कॅम असतो. प्लेटच्या वजनाने तो ओढला जातो व दाते प्लेटमध्ये रुततात. म्हणून प्लेट जबड्यात तळापर्यंत गेली पाहिजे, लॉक लागले पाहिजे. तेल, ग्रीस, रंग, गंज असेल तर आधी पुसा, खरवडा. दाते झिजले असतील तर तो क्लॅम्प बाजूला काढा. एका क्लॅम्पमध्ये दोन प्लेटा कधीही धरू नका; दोन प्लेटांच्या मध्ये दाते नसतात, तिथूनच प्लेट सटकते. क्षमतेच्या मानाने फारच हलकी प्लेट असली तरी पकड बसत नाही. उभ्या प्लेटचा क्लॅम्प वेगळा, आडव्या प्लेटचा वेगळा.

वजन अंदाजाने ठरवू नका. लांबी व रुंदी मीटरमध्ये, जाडी मिलिमीटरमध्ये घ्या. तिन्हींचा गुणाकार करून त्याला ७.८५ ने गुणा. उत्तर किलोत येते. ६ मीटर लांब, दीड मीटर रुंद, २० मिलिमीटर जाड प्लेट १,४१३ किलोची भरते. आता क्लॅम्पवर कोरलेली क्षमता आणि जाडीची मर्यादा वाचा. आकडा पुसला गेला असेल तर त्या क्लॅम्पने उचलायचे नाही. आणि प्लेट हवेत असताना तिच्याखाली किंवा ती पडू शकेल अशा जागी कोणीही उभे राहायचे नाही.

ही कोणाची मेहेरबानी नव्हे. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामगाराच्या जिवाची व वेळेची किंमत सरकारदरबारी मांडली. कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांचेच. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २९ ने उचलण्याच्या साधनांवर सुरक्षित क्षमता लिहिणे आणि १२ महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून त्यांची तपासणी करणे बंधनकारक केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांत विलीन झाला. कायद्याचे नाव बदलले म्हणून प्लेटचे वजन कमी होत नाही!

ठेकेदाराला घाई असते. कारण पडणाऱ्या प्लेटखाली तो नसतो. एकट्या हेल्परने ‘तपासणीचा दाखला दाखवा’ म्हटले तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटवर अडवतील. सगळ्या शेडने मिळून विचारले तर दाखला काढून दाखवावा लागेल. लेण्याद्रीच्या परिसरात पूर्वी श्रेणी होत्या. चाकणच्या शेडमध्ये त्या पुन्हा उभ्या करणे आपल्या हातात आहे.