जीपमधले डिझेल आणि जुलै महिना

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आमच्या तालुक्यातल्या एका वस्तीवर हल्ला झाला. फिर्याद द्यायला गेलेल्या पोरांबरोबर मीही होतो. ठाण्यातला हवालदार वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "सर, जीपमध्ये डिझेल नाही. गाडीची सोय करा, लगेच निघतो." गाडी आम्हीच केली. मार खाणाऱ्यानेच पोलिसांना पंचनाम्याला न्यायचे, हे आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की मला राग यायलाही रात्र उलटावी लागली. मार्चमध्ये विधिमंडळाने मंजूर केलेला पैसा जानेवारीत ठाण्यात का नसतो? मी घरातला पहिला पदवीधर. अंदाजपत्रक कसे वाचतात हे मला घरी कोण सांगणार? शिकावे लागले.

पोलिसांचा महसुली खर्च '२०५५ पोलीस' या मुख्य लेखाशीर्षाखाली पडतो. त्याचा फार मोठा भाग वेतनाचा, आणि वेतन थांबवता येत नाही. त्यामुळे ओढाताण झाली की कात्री लागते ती इंधनाला, प्रवासभत्त्याला, कार्यालयीन खर्चाला. शिवाय वित्त विभाग वर्षाची रक्कम एकदम हाती देत नाही, टप्प्याटप्प्याने सोडतो. म्हणजे मार्चचा आकडा हा शेवटचा आकडा नव्हेच. आठ महिन्यांचा खर्च पाहून सुधारित अंदाज होतात. एकाच मागणीतल्या एका शीर्षाचा पैसा दुसऱ्याकडे वळवला तर ते पुनर्विनियोजन. ते विधिमंडळात न जाता होते. एका मागणीतून दुसऱ्या मागणीत मात्र पैसा असा नेता येत नाही. मंजूर रक्कम अपुरी पडली किंवा नवीच बाब निघाली, तर अनुच्छेद २०५ प्रमाणे पुरवणी मागणी घेऊन सभागृहापुढे यावे लागते. उरलेली रक्कम वर्षअखेर परत करतात. तिला 'समर्पण' म्हणतात. शब्द किती उदात्त!

बाबासाहेबांचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ १९२५ साली निघाला. भाषणात आपण त्याचे नाव घेतो. अंदाजपत्रक मात्र कारकुनाचे काम समजतो. त्यामुळे आपले मोर्चेही चुकीच्या दारी जातात. अत्याचारग्रस्तांचे अर्थसाहाय्य पोलिसांच्या मागणीत नसते, ते समाजकल्याणाच्या वाटेने येते. त्यासाठी पोलीस अधीक्षकाला घेराव घालून काय मिळणार? त्याला विचारायचे ते तपासाच्या गाडीबद्दल.

आणि केव्हा विचारायचे, हेही ठरलेले आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम १४ सांगतो की शासनाने साहाय्य व पुनर्वसनासाठी अंदाजपत्रकात तरतूद करावी, आणि तपास, प्रतिबंधक उपाय, साहाय्य यांचा आढावा जानेवारीत व जुलैत घ्यावा. जानेवारीत नागपूरचे अधिवेशन उरकलेले असते, आठमाही अंदाज गेलेले असतात. तेव्हाची तक्रार म्हणजे वरात गेल्यावर मांडव घालणे. जुलैत मात्र वर्ष हातात असते, पुरवणी मागणीही शक्य असते. जिल्हा दक्षता समितीची बैठक तर दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. तिथे आपले अशासकीय सदस्य बसतात, चहा घेतात, सही करतात. त्यांनी एवढेच विचारावे : इंधनाला किती मिळाले, किती खर्चले, त्यातले काही दुसरीकडे वळवले काय?

यंदाच्या जुलैत आमच्या एका सदस्याकडे मी हा प्रश्न लिहून दिला. माहिती गोळा करीत आहोत, असे उत्तर मिळाले. पुढच्या बैठकीसाठी तोच कागद मी पुन्हा लिहून ठेवला आहे. या वेळी वर मागच्या बैठकीची तारीख घातली आहे.